दारातून वाकून आलेला मुलगा

हिशेबशास्त्राची पदवी घेऊन कॅलमला वर्ष झालं, तरी गावात नोकरी मिळेना. आता नाही लागली तर तो कायमचा मेलबर्नला जाणार होता. आई थेल्मा वारल्यापासून त्याच्या बापाला, डेसला, एकट्याने जेवायला बसवत नसे. म्हणून पिठाच्या गिरणीतून मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा शर्टाला इस्त्री डेसनेच केली.

दुपारी कॅलम हसतच परतला. "लागली, बाबा! सोमवारपासून."

"बघ! मी म्हणत होतो ना, शिक्षण वाया जात नाही. काय काय विचारलं?"

"माझी फाइल उघडलीसुद्धा नाही. मी दारातून वाकून आत शिरलो, तसे मालक खुर्चीतून उठलेच. म्हणाले, 'अरे, फुटबॉल खेळतोस का? उडी मारून चेंडू हिसकावणारा उंच गडीच नाही आपल्या संघात! मंगळवार-गुरुवार सराव, शनिवारी सामना. मधल्या वेळात हिशेब बघ.'"

जुन्या सवयीने डेसने स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक दिली.

"ऐकलंस का गं थेल्मा? फी भरून कंबर मोडली माझी, आणि पोराला नोकरी लावली तुझ्या उंचीनं!"