वय, वर्ण, अंगावरचे कपडे

"नाव गुंडा. वय असंल सोळा-सतरा," छापखान्याच्या पायरीवर बसत अंबुबाई म्हणाली. "रंगानं सावळा. खांद्यावर घोंगडं, कोपऱ्याला तांबडा दोरा. मीच घातलाय. हितं सोलापूरला गिरणीत काम बघतो म्हणून गावाकडनं निघाला, पोचलाच न्हाय."

गंगाधरपंतांनी प्रुफावरून मान वर केली नाही. त्यांच्या साप्ताहिकाचं पहिलं पान याही आठवड्यात चन्नप्पा सावकारांच्या शिवपुत्राला दिलेलं होतं. मॅट्रिकला नापास होऊन तो परागंदा झाला होता. त्याच्या फोटोचा ब्लॉक खास पुण्याहून करून आणला होता. कोटाची बटणं चांदीची, टोपी काळी, चष्म्याची डावी काडी किंचित वाकलेली. एवढं तर त्याच्या जन्मदात्यांनाही ठाऊक नव्हतं. पंतांनी चौकशी करकरून मिळवलं होतं. अंक हातोहात खपत होता.

"जागा नाही, अंबुबाई."

"बोटभर बी न्हाय?"

"सावकाराचा मुलगा हरवला की ती बातमी असते. तुझा मुलगा कुठंतरी गेलेला असतो. येईल."

"असं हाय व्हय," अंबुबाई म्हणाली. टोमणा नव्हता, तिला खरंच नवीन कळलं होतं. तिनं मागच्या दाराकडे पाहिलं. पुढे छापखाना, मागे घर. मधलं दार लोटलेलं. "बाई दिसंनात. ताक द्यायच्या मला."

"माहेरी गेली आहे. वैरागला."

"लई दिस ऱ्हायल्या."

"वाळवणं असतात," पंत म्हणाले आणि प्रुफातली एकच चूक दोनदा दुरुस्त केली.

खानावळीतून डबा आला. पंतांनी तो टेबलावरच उघडला. एकट्यासाठी आत जाऊन पाट मांडायचा त्यांना कंटाळा होता. हल्ली ते निजायचेही छापखान्यातच, कागदाच्या रिमांना टेकून. जेवताना बाहेर कुणाचं पाऊल वाजलं की हातातला घास तसाच ठेवून दाराकडे बघत.

पुढल्या आठवड्यात अंबुबाई पुन्हा आली. या वेळी ती पायरीवर न बसता सरळ आत आली.

"जागा नाही," पंतांनी आधीच सांगून टाकलं.

"नगं आता. गुंडा गावला. मोडनिंबाला तापानं पडला हुता. आमच्या मेंढक्यांनी या कळपाचं त्या कळपाला सांगत माग काढला."

"छान झालं. मग आता काय काम काढलंस?"

"त्यो गावायच्या आदी मी वैरागला गेलते की. म्हटलं बाईस्नी भेटावं, त्यांनी सांगितलं तर मालक बोटभर जागा देतील." तिनं पदराखालचं गाठोडं टेबलावर, शिवपुत्राच्या फोटोशेजारी ठेवलं. "तुमच्या सासूबाईंनी शेवया दिल्यात. म्हणाल्या, आमच्या प्रभाला आवडत्यात. तिला म्हणावं, यंदा उन्हाळ्यात माहेरी फिरकली बी न्हाईस."

पंत गाठोड्याच्या गाठीकडे बघत राहिले.

अंबुबाईनं रस्त्याकडचं दार लोटून घेतलं आणि खाली बसली. "मी तितं काय बोलले न्हाय," ती हळू आवाजात म्हणाली. "खुणा सांगा, मालक. आमचे मेंढके उद्या माढ्याकडं निघत्यात. जाताना बाईंच्या अंगावर लुगडं कुठलं हुतं?"

गंगाधरपंतांनी सवयीनं टाक उचलून शाईत बुडवला. रंग काही केल्या आठवेना.