डावीकडे सैल

"काका, रागावू नका, पण आम्ही घर सोडतोय," नर्सबाई म्हणाली. तिच्या मागे भिजलेली गादी भिंतीला टेकवून ठेवली होती. बेसिनखालचा नट सुटला होता आणि ती ड्यूटीवरून परत येईपर्यंत पाणी खोलीभर पसरलं होतं.

म्हातारा बेसिनखालीच बसून राहिला. जन्मभर फिटर म्हणून राबून, निवृत्तीच्या पैशातून त्याने ही दोन खोल्यांची जागा भाड्याने देण्यासाठी विकत घेतली होती. घरमालकीचा अनुभव शून्य. एजंटाने आधीच बजावलं होतं, "भाडेकरूच्या दारात ऊठसूट जायचं नाही. तक्रार आली तरच जायचं."

पहिली तक्रार खरी होती. नळ गळत होता. नर्सबाईने चहा केला, तिची लेक पान्हा धरून शेजारी बसली आणि प्रश्न विचारून तिने त्याला भंडावून सोडलं.

"आजोबा, कुठे फिरवायचं ते कळतं कसं?"

"उजवीकडे घट्ट, डावीकडे सैल. एवढं पाठ केलंस की झालीस तू फिटर."

बायको गेल्यापासून त्याच्याशी इतकं कुणी बोललं नव्हतं. निघताना त्याने दुसरा एक नट हळूच अर्धा फेरा डावीकडे फिरवला.

मग चटकच लागली. कधी फ्लश बिघडे, कधी कडी निखळे, कधी बिजागरी कुरकुरे. फोन आला की हे महाशय पिशवी घेऊन हजर. एकदा नर्सबाईच्या कपाळावरची आठी दिसली आणि तो चरकला. ही माणसं गेली तर आपल्याला कोण उरलं? त्या दिवशी त्याने घरातला एकूण एक नट आवळला, छोटा पान्हा मुलीला देऊन टाकला आणि मनातल्या मनात कान धरले. त्यानंतर फोन आला नाही. घर खायला उठे, तरी तो गेला नाही.

आणि आज हे. हा नट तर त्याने स्वतः आवळला होता. आपले हात आता कामातून गेले, असं त्याला वाटलं.

"मध्यंतरी काही बिघडलं नाही, म्हणून राहायचंच ठरवलं होतं," नर्सबाई म्हणाली. "पण या घरालाच काहीतरी आहे, काका. तुम्ही तरी किती दुरुस्त करणार? दुसरी जागा नक्की करून आलेय मी."

बाई, ते सगळं मीच करत होतो, हे त्याच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. ती सामान बांधायला आत गेली.

मुलगी नेहमीसारखी त्याच्या शेजारी येऊन उकिडवी बसली. फ्रॉकच्या खिशातून तिने छोटा पान्हा काढला आणि त्याच्या हातात ठेवला.

"आईला सांगू नका हं, आजोबा," ती कुजबुजली. "तुम्ही येतच नव्हता. म्हणून तुम्ही जाताना फिरवता ना, तसं मी फिरवलं. माझ्याकडून जरा जास्त फिरलं."