बदलीची पाळी

गाडीचं मागचं दार आतून उघडेना. चांगदेवनं दोनदा खटका ओढून पाहिला.

"बाहेरनंच उघडतंय ते," पुढून कुंडलिक म्हणाला. "जायचं तिथंच उतरायचं, काका."

त्रेपन्न वर्षांत चांगदेव ओतूरजवळच्या त्या दारूगोळ्याच्या कारखान्याच्या वाटेला गेला नव्हता, आणि आज कुंडलिक तिकडंच नेत होता. ओतूरच्या बाजाराचं नाव काढलं तरी तो मंचरची एसटी धरायचा. शेजारी त्याची बायको साळुबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

एकाहत्तरच्या लढाईत तिथं तोफगोळे भरायचे. एका सकाळी भरणीची शेड उडाली आणि अकरा माणसं गेली. त्यात साळुबाईचा पहिला नवरा रखमाजी. ओळखावं असं काही उरलंच नव्हतं. बिल्ल्याच्या नंबरावरून नाव लागलं. कुंडलिक तेव्हा पोटात होता. रखमाजीचा कामावरचा जोडीदार चांगदेव त्या दिवशी तापानं फणफणला होता, म्हणून त्याच्या पाळीला रखमाजी गेला, असं घरात सांगत आले होते. चांगदेवला मागंपुढं कुणी नव्हतं. वर्षभरात साळुबाईनं त्याच्याशी पाट लावला आणि दोघं गाव सोडून महाळुंगे पडवळला येऊन राहिली.

त्यानं कुंडलिकला खांद्यावर घेऊन शाळेत पोचवलं, विहिरीत पोहायला शिकवलं. कुंडलिकनं त्याला बाप कधी म्हटलं नाही. कुंडलिकला नोकरीसुद्धा मेलेल्या बापाच्या कागदांवर लागली.

फाटकावरच्या पहारेकऱ्यानं त्यांना आत घेतलं आणि मागं कुलूप घातलं. "ढोरं शिरत्यात, पावणं. निघताना हाक मारा."

आत गवत कमरेएवढं. पडक्या भिंतीपुढं नवा काळा दगड, त्यावर अकरा नावं. तिसऱ्या, रखमाजीच्या नावावरून कुंडलिकनं बोट फिरवलं.

"काका, आज खरं सांगा. ताप व्हता, का भ्याले व्हते तुमी?"

"भ्यालो व्हतो," चांगदेव म्हणाला.

कुंडलिक त्याच्या अंगावर सरकला. साळुबाई मधे आली. "जाऊ दे की रं."

"लई वर्सं जाऊ दिलं, आई! ह्यांच्या वाटचं मरण माझ्या बापानं घेतलं. त्याच्यापुढं वाकून माफी मागा म्हणावं. तवर फाटक उघडायला सांगायचा न्हाई मी."

चांगदेवनं कुलपाकडं पाहिलं. भिंत सगळीकडून उंच होती. साळुबाईनं त्याचं मनगट धरलं.

"आवो, सांगून टाका एकदाचं."

"आता नगं," तो म्हणाला. "त्याला पेलायचं न्हाई."

गुडघ्यांवर हात रोवत तो खाली बसला. दगड उन्हानं तापला होता. त्यावर त्यानं कपाळ टेकलं. कुंडलिक पाठ फिरवून चार पावलं लांब गेला. कुंडलिक रडत होता. दगडाशी बोललेलं तिथवर पोचणार नव्हतं.

"चांगदेवा, माफ कर गड्या," म्हातारा दगडाशी पुटपुटला. "माझ्या पाळीला माझा बिल्ला लावून तू गेलास, अन् नाव माझं कोरलंय."