वैशाखातला हीटर

रोशन मिस्त्रीने ऑइलची पट्टी बाहेर ओढली, फडक्याने पुसली, परत घातली, परत ओढली आणि उन्हात धरली. चंदर पट्टीकडे बघत नव्हता. तो मिस्त्रीच्या तोंडाकडे बघत होता, दवाखान्यात डॉक्टरच्या तोंडाकडे बघतात तसा. फरक एवढाच, की त्याला वाईट बातमी हवी होती.

"हेड गॅस्केट गेली ना?"

"कुठं गेली? गेली असती तर पाणी ऑइलात उतरलं असतं. दुधाच्या चहासारखं दिसलं असतं. हे बघ, काळं कुळकुळीत." रोशनने पट्टी त्याच्या नाकासमोर नाचवली. "कसा आलास इथवर?"

"दोनदा थांबून."

मुरबाडात दोन चांगले मिस्त्री असताना चंदरने जीप शहापूरला आणली होती, कारण इथे त्याला कोणी ओळखत नव्हतं. तिकडे सगळ्यांना ठाऊक होतं. तेरा दिवसांपूर्वी, सिद्धगडाखालच्या गावातून आईला, हौसाला, दवाखान्यात नेताना, म्हसा गाव मागे पडलं आणि इंजिनाच्या गरमीचा काटा लाल पट्ट्यात गेला. मुरबाड आठ किलोमीटर राहिलं होतं. भर दुपार, रस्त्याला चिटपाखरू नाही, फोनला रेंज नाही. थांबव असं हौसाच म्हणाली, छातीवर मूठ दाबून. "दमली रे ती. दमल्या बैलाला आपण हाकतो का?" चंदरने जीप आंब्याखाली घेतली. अर्ध्या तासाने काटा खाली आला. तोवर हौसाचा हात गार पडला होता.

काल तेरावं झालं.

रोशन पुढच्या जाळीपाशी वाकला. जाळीवर एक गोणपाट सुतळीने घट्ट बांधलेलं होतं, वाळून पापडासारखं कडक झालेलं.

"हे कोणी बांधलं?"

"आईनं. ओलं करून बांधते. ऊन लागतं म्हणून."

हौसा हेच आधी बैलांच्या पाठीवर टाकायची. बैल गेले, जीप आली, गोणपाट तेच राहिलं.

रोशन पोटभर हसला. "म्हणून तापते. रेडिएटरला वारा नाय मिळाला तर पाणी थंड कसं होणार? आईला सांग, गाडीला ऊन लागत नाय."

"सांगतो," चंदर म्हणाला.

रोशनने सुतळी कापली. गोणपाट चंदरच्या हातात दिलं. चंदरने त्याची घडी घातली, मग घडीची घडी.

"काटा वर गेला तेव्हा काय केलंस? तापल्या इंजिनावर पाणी ओतलंस?"

"नाय."

"गरम असताना झाकण उघडलंस?"

"नाय. थांबवली. अर्धा तास. गार झाल्यावर पाणी घातलं."

रोशनने आजवर कुठल्या ड्रायव्हरचं कौतुक केल्याचं शहापुरात कोणाला आठवत नव्हतं. आज त्याने केलं. "शाबास. माझ्याकडं सगळे इंजिनाचं हेड वाकवूनच येतात. तुझ्यासारखे निघाले तर आमी दुकानं बंद करायची. थांबलास म्हणून गॅस्केट वाचली."

चंदर ऐकत राहिला. कान त्याचेच होते, पण ऐकणारा दुसराच कोणी असावा असं त्याला वाटलं.

"नसतो थांबलो तर? आठ किलोमीटर न्यायची असती तर? मधीच बंद पडली असती ना?"

"नेटानं पळवली असतीस तर गॅस्केट उडाली असती. पण न्यायचीच असती, तर हीटर फुल सोडायचा. इंजिनाची गरमी आत येते, काटा उतरतो. काचा खाली, घाम पुसत, हळूहळू. आठ काय, दहा निघाले असते."

ठाणे जिल्ह्यात जीपचा हीटर लावणारा माणूस अजून जन्मायचा होता. चंदरने हीटरच्या खटक्याला कधी हात लावला नव्हता. त्याने टोपी काढून घाम पुसला. डोक्यावर नुकते खुंट फुटलेले होते. रोशनने ते पाहिलं, मग गोणपाटाकडे पाहिलं, आणि पुसलेली पट्टी पुन्हा पुसायला लागला.

"म्हणजे, सगळ्याच जातात असं नाय," तो म्हणाला. "एखादी बंद पण पडते."

"ही पडली असती?"

गिऱ्हाइकाशी खोटं बोलण्यात रोशनचा हात धरणारा कोणी नव्हता. पण इंजिनाबद्दल ते त्याच्या जिभेवर येईना.

"चांगलं इंजिन आहे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चंदरने गावातून मुरबाडची फेरी काढली. पुढच्या सीटवर शेजारची रखमी बसली, घडी घातलेलं गोणपाट तिने मांडीवर घेतलं. म्हसा मागे पडल्यावर चंदरने काचा खाली केल्या आणि हीटरचा खटका शेवटपर्यंत फिरवला. भट्टीचं तोंड उघडावं तशी हवा दोघांच्या अंगावर आली. आंबा आला, गेला. काटा मध्यावरून हलला नाही.

रखमीने पदराने मान पुसली. "तापली वाटतं रे. थांबव जरा."

"नाय तापली, काकू," चंदर म्हणाला. "मुरबाडपर्यंत जाते ती."