गिरणीतला गायक

महेंद्रनं गिरणीच्या शटरवर खडूनं लिहिलं, ‘दुखवटा. आज बंद.’ कुणाचा, ते लिहिलं नाही. मग शटर आतून ओढून घेतलं, गिरणीचा पट्टा उतरवला आणि तो स्टुलावर जाऊन बसला, मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन.

साता समुद्रापलीकडचा तो म्हातारा रॉक गायक पहाटे गेला होता. तीस वर्षांपूर्वी दौंडच्या रेल्वे कॉलनीतलं एक कुटुंब कायमचं परदेशी निघालं, तेव्हा त्यांच्याकडून महेंद्रनं त्याची कॅसेट आणली. तेव्हापासून सगळ्या न्हावरे गावाची बाजरी त्याच्याच गाण्यांवर दळली जायची. गिरणीच्या घरघरीवर आवाज चढावा म्हणून भोंगा फुल्ल. बाया कानात बोटं घालायच्या. हौसराव आप्पा दर खेपेला विचारायचे, ह्या बाबाला नक्की दुखतंय तरी कुठं?

महेंद्रच्या लेकीला, करुणाला, आज असल्याच चेष्टेची धास्ती होती. बैल गेला तर गाव चार दिवस हळहळतं. पण कोण कुठल्या केसाळ गोऱ्यासाठी आपला बाप रडतोय हे कळलं, तर गाव हसणार. आणि पारावर पोचलेलं हसू वर्षभर पुरतं. तिनं शटरपुढं खुर्ची टाकली आणि राखणीला बसली.

गुरुवार, कंपनीला सुट्टी. सणसवाडीच्या लॅबमध्ये तिच्या शेजारच्या टेबलावर काम करणारा ज्ञानेश फोनवर होता. दोघंही झॉम्बींच्या गोष्टींचे वेडे, त्यामुळं भांडण ठरलेलं. त्याला पळणारे झॉम्बी आवडायचे. करुणाच्या मते ती शुद्ध थाप होती. मेलेल्या स्नायूंना पळायला ऑक्सिजन कोण पुरवणार? खरा झॉम्बी सावकाश येतो. आणि जिवंतपणी रोज जिथं जायचा, तिथंच येतो.

ज्ञानेशनं विचारलं, मग न्हावऱ्याचे झॉम्बी कुठं जातील?

गिरणीत, असं म्हणून करुणा स्वतःच खुदकन हसली. तिनं मान वर केली.

रस्त्यानं ते येत होते.

सावकाश. पाय ओढत. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. पुढं सोजरबाई, कमरेत वाकलेली. मागं वच्छलाबाई, कपाळापर्यंत पदर. हौसराव आप्पा धुतलेली टोपी घालून, शेजारी त्यांची सून नीलम. वीसेक माणसं, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर नाहीतर काखेत दळणाचा डबा.

“आले,” एवढंच म्हणून करुणानं फोन बंद केला. तिला हसू आवरेना. एवढ्या ठळक अक्षरांत लिहूनही दळायलाच आले. ती उठली आणि दोन्ही हात पसरून शटरला पाठ लावून उभी राहिली.

“आजी, आज दळण न्हाई. दुखवटा हाय आमच्यात.”

“म्हाईत हाय,” सोजरबाई म्हणाली.

नीलमनं मोबाईल पुढं केला. हार घातलेला फोटो. गिरणीच्या भिंतीवर, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली डकवलेल्या कॅसेटच्या वेष्टनावरच्या चित्रातले तेच केस. सकाळी हा फोटो आला आणि नीलमनंच आळीभर सांगत फिरून बातमी दिली होती. आप्पांनी टोपी काढून हातात घेतली. कुणीही हसत नव्हतं.

करुणाचे हात खाली आले. “मग डबं कशाला आणलं?”

तेवढ्यात मागं शटर खडखडत वर गेलं. दारात महेंद्र उभा होता, डोळे लाल, काखेत टेपरेकॉर्डर.

सोजरबाईनं डबा उंबऱ्याच्या आत ठेवला आणि कंबर धरून सरळ झाली.

“रिकाम्या हातानं आमी त्याला कवा ऐकलंय का, महेंद्रा? चढव पट्टा.”