चिपशेजारचा कागद

"चिप डाव्या हातात धर," झेनॉनचा मेसेज आला. "शेजारी कागद. त्यावर आजची तारीख, तुझं नाव आणि खाली 'झेनॉनसाठी'. हाताने लिहिलेलं. छापलेलं चालणार नाही."

"डाव्याच हातात का?" कालिनाने विचारलं.

"फसवणाऱ्यांकडे नेटवरून उचललेले फोटो असतात. घेणारा सांगेल तसा हात त्यात नसतो," स्वयंपाकघरातून बाबा म्हणाले. ते सूपसाठी आंबवलेल्या काकड्या किसत होते. "फोरमवर असंच करतात. दे."

कालिनाने चिप डाव्या हातात धरली, उजव्या हाताने फोटो काढला आणि पाठवून दिला.

चिप जुन्या कमोडोर कॉम्प्युटरची होती. आवाजाची. बितोम गावच्या जुन्या बाजारात एका मोडक्या मशीनच्या पोटात ती कालिनाला सापडली होती, आणि चक्क जिवंत निघाली होती. असल्या चिपांसाठी जुन्या कॉम्प्युटरवेड्यांच्या फोरमवरचे लोक जीव टाकतात, आणि फसतातही तितकेच. मेलेल्या चिपा घासायच्या, वर नवे आकडे छापायचे आणि विकायच्या, हा धंदा जोरात होता.

म्हणून फोरमचा नियम कडक होता. नव्या माणसाला काही विकायचं तर जुन्या सभासदाने जामीन राहायचं. नव्याने फसवलं तर दोघांची नावं काळ्या यादीत.

कालिनाला बाबा, म्हणजे फोरमवरचे रोमेक, जामीन होते. ग्लिव्हित्से शहरातल्या या चौथ्या मजल्यावरच्या घरातून ते कित्येक वर्षं लोकांची मशीनं फुकट दुरुस्त करून देत होते. त्यांचे सगळे मित्र त्या फोरमवरच भेटलेले.

"माझी अब्रू तुझ्या हातात आहे," ते म्हणाले.

"डाव्या हातात," कालिना म्हणाली.

बाबा हसले. पण किसणीवरचा हात थोडा थांबला.

झेनॉनचं समाधान होत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने लिहिलं, "चिपवरचे आकडे ॲसिटोनने पुसून दाखव. व्हिडिओ हवा. मध्ये कट नको."

कालिनाने नेलपॉलिश काढायची बाटली आणली. तिने कापूस जोरात फिरवला. आकडे जागचे हलले नाहीत. तिने मशीनमध्ये चिप बसवली, स्वतः रचलेली धून वाजवली आणि कॅमेऱ्यात तोंड घालून म्हणाली, "मी कालिना. ही चिप माझी आहे, आणि ऐका कशी गातेय."

उत्तर आलं, "मी आधी दोनदा फसलोय. पुन्हा फसलो तर सोडणार नाही. तू आणि तुझा जामीन, दोघंही यादीत जाल."

"बाबा, हा माणूस मला चोर समजतोय."

"समजू दे. पुरावा दे आणि मोकळी हो. पैसे आल्याशिवाय वस्तू पाठवायची नाही, बस. चिप आपल्याकडे आहे तोवर आपलं काय जाणार?"

तेही खरंच होतं. तपासणी नेहमी विकणाऱ्याची. घेणाऱ्याला कोण कशाला तपासेल?

मग झेनॉनने शाळेचं ओळखपत्र मागितलं. नंबर झाकून तिने तेही दिलं. घरचा पत्ता मागितला. दिला. आता तिला जोरच चढला होता. विचार, अजून काय विचारायचं ते विचार. माझ्याकडे लपवण्यासारखं काहीच नाही.

"खात्री पटली," शेवटी त्याने लिहिलं. "पैसे पाठवतो."

कालिनाने खोलीभर उड्या मारल्या. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी छताला झाडू ठोकला. चिप फोममध्ये खोचून तिने खोका बांधून ठेवला.

पैसे आले नाहीत. मेसेजही आला नाही. तिने विचारलं, पुन्हा विचारलं. झेनॉन गप्प.

"घाबरला असेल," बाबा म्हणाले. "असतात असे. जाऊ दे, दुसरं गिऱ्हाईक बघू."

शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात एक जाडजूड माणूस धापा टाकत उभा होता.

"कालिना तूच ना?" त्याने तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "मी झेनॉन. लुब्लिनहून आलोय. म्हटलं, एकदा समोरासमोर भेटावं."

"मग आत या ना," ती खुशीत म्हणाली आणि धावत जाऊन खोका घेऊन आली. "ही बघा. वाजवून दाखवू?"

तो चक्रावला. फोम उलगडून त्याने चिप उजेडात धरली, फोटोशी ताडून पाहिली. "खरी आहे," तो पुटपुटला. "हीच आहे. मग पाठवली का नाहीस?"

"तुम्ही पैसे कुठे दिलेत?"

"मंगळवारी दिले."

त्याने फोन पुढे केला. पैसे गेल्याची नोंद होती. बाबांनी चष्मा वर सरकवून वाचलं आणि चहाचा कप खाली ठेवला.

"हे आमचं खातं नाही."

"असं सगळेच म्हणतात, रोमेक. तुम्हाला मी चांगला माणूस समजत होतो," झेनॉन म्हणाला. "गाडीत बसण्याआधी दोघांची नावं यादीत टाकूनच निघालोय. तिच्या व्हिडिओसकट."

बाबा खुर्चीत बसले.

"थांबा," कालिना म्हणाली. तिने स्वतःचा फोन त्याच्या नाकासमोर धरला. "हे वाचा. डावा हात, ॲसिटोन, ओळखपत्र, पत्ता. तुम्ही जे मागितलंत ते सगळं मी दिलं. हे तुमचेच मेसेज आहेत ना?"

झेनॉनने फोन हातात घेतला. वरून खाली वाचलं, मग खालून वर. मग स्वतःचा फोन शेजारी धरून ताडून पाहिलं.

"शब्दन् शब्द माझा आहे," तो म्हणाला. "पण हे खातं माझं नाही, मी हे तुझ्या नावाच्या दुसऱ्याच खात्याला विचारलं होतं. यातलं काहीच मी तुला विचारलं नव्हतं."