पिवळी टाकी

लेकीने ॲल्युमिनियमची पट्टी बापाच्या हातात दिली. "बघा बरं, बाबा. आज माझा एकही पीस रिजेक्ट नाही."

बापाने पट्टी खिडकीशी नेऊन तिरपी धरली. एकसारखा सोनेरी थर, ना डाग ना बोटाचा ठसा. कारखान्यात क्रोमेटच्या पिवळ्या टाकीत पट्ट्या बुडवण्यात एकवीस वर्षं काढलेला माणूस तो; आता त्याच टाकीवर लेक होती. नावं ठेवायला जागा शोधत होता, सापडेना. असा थर बसला की खाऱ्या पाण्यातसुद्धा पट्टीला काही होत नाही. पट्टीला हो. बुडवणाऱ्याचं कोण बघतंय?

"रंग झकास आलाय," तो म्हणाला. अभिमान वाटलाच, मग काळजी. "मास्क लावतेस ना?"

"लावते की."

"खोटं नको बोलू. टाकीवर वाकून बघितल्याशिवाय हा रंग पकडता येत नाही. आणि मास्क लावून वाकलं की चष्म्यावर वाफ धरते."

लेकीने पट्टी त्याच्या हातातून काढून घेतली.

त्या टाकीच्या वाफेने बापाच्या नाकातल्या पडद्याला भोक पाडलं होतं. वास येणं तर केव्हाच बंद झालं होतं. लेक लहान असताना तो एका नाकपुडीत दोरा घालून दुसरीतून काढून दाखवायचा आणि ती टाळ्या पिटायची. जादूच वाटायची तिला. आता ते आठवलं की त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटे.

"नाक शाबूत आहे तोवर सोड ती टाकी. पाया पडतो तुझ्या."

"बाबा, काहीतरीच काय." ती ओशाळली. "बरं. महिनाअखेरीला सोडते. झालं?"

त्याचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात आई पिशव्यांसकट धावत आली ती थेट स्वयंपाकघरात. गॅस बंद करून काळंठिक्कर पातेलं घेऊनच बाहेर आली.

"शेगडीवर बटाटे ठेवून गेले होते, त्यांचा कोळसा झालाय. खाली जिन्यापर्यंत करपट वास येतोय. यांचं मी समजू शकते. पण तू इथे बसून काय करत होतीस गं?"

लेकीने नाक वर करून दोनदा हुंगलं.

"कसला वास?"

आईने पातेलं लेकीच्या नाकापाशी धरलं आणि तसंच धरून ठेवलं.